साथीदार : डावा हात

न्यायालयाच्या नक्कल विभागात तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठ वळली की खटखटबाई. तिला दोन्ही नावं ठाऊक होती आणि त्यातलं दुसरं जास्त आवडायचं. एकतीस वर्षं ती त्या लांबुळक्या खोलीत खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर बसली आणि निकालांच्या, अर्जांच्या, जबान्यांच्या नकला टाइप करत राहिली. दहाही बोटं चालायची, नजर कागदावर, कळांकडे चुकूनसुद्धा नाही. शेजारच्या टेबलांवरच्या बायका तासाभराने माना मोडून घ्यायच्या. हिची मान तशीच ताठ. आणि तो ताठपणा मानेपुरता नव्हता, ही साहेबलोकांची अडचण होती.

एका बड्या वकिलाचा अर्ज एकदा तिच्याकडे नकलेला आला. पहिल्याच वाक्यात कुलूप तोडलं गेलं होतं आणि सामान हलवलं गेलं होतं. तिने अर्ज चिठ्ठी लावून परत पाठवला: वाक्यात कर्ता नाही, कोणी केलं ते कळवावं. वकील तणतणत साहेबांकडे गेले, साहेबांनी तिला बोलावलं आणि नक्कल जशीच्या तशी करायची असते हे दहा मिनिटं समजावलं. तिने नक्कल जशीच्या तशी करून दिली, पण चिठ्ठी काही मागे घेतली नाही. ती त्या फाइलीला अजूनही टोचलेली असेल.

ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की बाई, आता या हातांना विश्रांती द्या. हातांनी ते मनावर घेतलं नाही. जेवणाच्या टेबलाच्या कडेवर, बसच्या दांड्यावर, पलंगाच्या लोखंडी पट्टीवर बोटं आपली चालूच. वहिनी एकदा म्हणाल्या, "वन्सं, मुंग्या मारताय का?" तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की ती ताटाच्या दोन्ही बाजूंना अख्खं एक समन्स टाइप करत होती.

ती राहायची भाऊ-वहिनीबरोबर, चपलांच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत. दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. व्हायोलिन शिकवायचा आणि गावात त्याला सगळे मास्तर म्हणायचे. पुढची खोली त्याच्या शिकवणीची. लहानपणी व्हायोलिन आलं ते त्याच्यासाठी. तिनेही मागितलं होतं, तर वडील म्हणाले होते, घरात एक वाजवणारा पुरे, दुसऱ्याने पोटापाण्याचं शिकावं. म्हणून तिला टायपिंगच्या वर्गात घातलं. तिने लग्न केलं नाही. एकजण दोन वर्षं घरी येत होता. लग्नानंतर नोकरी सोडशील ना, असं त्याने एका संध्याकाळी विचारलं, तेव्हा तिने त्याच्या हातातला अर्धा भरलेला चहाचा कप काढून घेतला आणि विसळून टाकला. तो विषय तिथे संपला.

निवृत्तीनंतर तीन-चार महिन्यांनी दादाने तिला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं. व्हायोलिनचा गज नव्या केसांसाठी टाकला होता, तो आणायचा होता. मिस्त्रीचं दुकान म्हणजे एका गल्लीच्या टोकाची खोली. सरसाचा वास, जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतींवर पोट फाटलेली, माना मोडलेली वाद्यं. त्या सगळ्या जायबंदी गर्दीत एक धडधाकट वस्तू टांगलेली होती. नुसती एक लांब, अरुंद फळी. तिला ना पोट ना कंबर. वरून खालपर्यंत गिटारीला असतात तसे आडवे पडदे आणि दहा तारा.

तिने विचारलं हे काय. मिस्त्रीने सांगितलं की जहाजावरच्या वाद्यवृंदातला एक माणूस चित्र आणि मापं देऊन गेला होता. वाद्य तयार झालं, माणूस काही परत आला नाही. हे छेडायचं नाही, घासायचंही नाही. बोटाने तार पडद्यापाशी आपटली की सूर येतो, बोट उचललं की थांबतो. पाच जाड तारा डाव्या हाताच्या, पाच बारीक उजव्या हाताच्या. डाव्याने खालची साथ धरायची, उजव्याने वर चाल वाजवायची. बनवण्यापुरतं सगळं कळलं, वाजवणं काही आपल्या बापाच्यानं झालं नाही, असं तो म्हणाला.

त्याने वायर जोडून ते तिच्या गळ्यात अडकवलं. फळी छातीवर जवळजवळ उभी राहिली. तिने उजव्या हाताची चार बोटं एकामागून एक आपटली आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून चार स्वच्छ सूर बाहेर पडले. डाव्याची आपटली, तर जमिनीतून आल्यासारखे चार जाड सूर आले. तिच्या अंगावर काटा आला, पण चेहऱ्यावर तिने तो येऊ दिला नाही.

"हे तर टायपिंग आहे," ती म्हणाली.

मिस्त्री हसला. "टायपिंगमध्ये डाव्या हाताने एक पत्र आणि उजव्या हाताने दुसरं, असं एकदम करता का तुम्ही?"

हा प्रश्न ती गजाबरोबर घरी घेऊन गेली. आणि उत्तर नसलं की तिला झोप लागत नसे. दोन दिवसांनी ती पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली, तेव्हा मिस्त्रीच म्हणाला की घेऊन जा बाई, निदान माझी भिंत तरी रिकामी होईल. शिकलात तर तुमचं, नाही शिकलात तर परत आणा.

दादाने ते बघितलं आणि आधी पोटभर हसून घेतलं. टाइपरायटरला तारा लावल्यात म्हणाला. मग मास्तरांचा आवाज काढून त्याने शांतपणे समजावलं. दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी करणं हे बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत अंगात मुरावं लागतं. त्यानंतर दोन्ही हात नवरा-बायकोसारखे होतात. एक उठला की दुसरा उठतो, एक बसला की दुसरा बसतो. साठीच्या उंबरठ्यावर त्यांचा संसार मोडायला जाऊ नये.

"मला संसाराचं सांगू नकोस," ती म्हणाली. "मी केलेलाच नाही."

पण पहिल्या आठवड्यातच तिला कळून चुकलं की दादा बोलला त्यात तथ्य होतं. डाव्या हाताची चार सुरांची एक फेरी तिने बसवली: खालचा, वरचा, मधला, वरचा. एकटा डावा ती झकास फिरवायची. एकट्या उजव्याने चालही नीट वाजायची. दोन्ही एकदम सुरू केले की सगळा चिवडा. उजव्याचं बोट उठलं की डावा थांबून त्याची वाट बघायचा, आणि डाव्याला रेटलं तर उजवा त्याच्याच फेरीत जाऊन मिसळायचा. तिने दात-ओठ खाऊन तेच ते केलं आणि तेच ते बिघडलं.

कारण तिला एका सकाळी सापडलं, आणि सापडलं ते जुन्या टाइपरायटरपाशी. नक्कल विभागातून मोडीत निघालेलं यंत्र तिने घरी आणून ठेवलं होतं. त्याच्यावरची धूळ पुसताना हात पडून दोन कळा एकदम दाबल्या गेल्या आणि आतल्या दोन काड्या वर येऊन एकमेकींत अडकल्या. ती त्या काड्यांकडे बघत राहिली. टायपिंगच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. दोन बोटं एकदम कधी पडू द्यायची नाहीत, एकाने मारलं की दुसऱ्याने दम धरायचा. एकतीस वर्षं तिचे दोन हात एकमेकांना वाट देत आले होते. हात अडाणी नव्हते, उलट नको तितके शिकलेले होते. आता त्यांचा हा सभ्यपणा मोडायचा होता.

तिने उजव्या हाताला सरळ रजेवर पाठवलं. चार महिने फक्त डावा. तोच चार सुरांचा फेरा, घड्याळाच्या टिकटिकीबरोबर, इतका की त्याच्याकडे लक्ष द्यावं लागू नये. लक्ष देत नाही आहोत हे ताडून बघायला तिने स्वतःची परीक्षा ठरवली: डावा चालू ठेवून बोलायचं. आधी नुसतं एक ते शंभर मोजायची. मग वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची. बातमीत काही चीड आणणारं आलं की डावा अडखळायचा, म्हणून ती मुद्दाम चीड आणणाऱ्याच बातम्या निवडू लागली. शेवटी तिने वहिनींशी भांडायला घेतलं. वहिनी समोर भाजी निवडत बसायच्या, ही दारात खुर्ची टाकून डावा फिरवायची आणि दोघी जणी पडदे धुवायचे की बदलायचे यावर वाद घालायच्या. वहिनी हुशार. त्यांना खेळ कळला होता. मुद्दाम लागेल असं काहीतरी बोलायच्या आणि कान देऊन ऐकायच्या, डावा हलतोय का. ज्या दिवशी त्यांनी तिला आळशी, हट्टी आणि दादाच्या जिवाला घोर म्हटलं आणि तरी डावा जागचा हलला नाही, त्या दिवशी वहिनींनी भाजीची सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "झाला तुमचा डावा. आता उजवा आणा."

उजवा आणला आणि पुन्हा पहिल्यापासून. एकच सूर, फेरीच्या पहिल्या ठोक्यावर. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. हे जमलं. मग दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत, आणि तिथे डावा पुन्हा ढेपाळला. तीन आठवडे त्या फटीत ती अडकून पडली. एका दुपारी तिने वाद्य गळ्यातून काढलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि सुतळीने बांधलं. मिस्त्रीला परत देऊन यावं असं तिने ठरवलं, आणि ती खरंच चपला घालत होती. दादा पुढच्या खोलीतून बाहेर आला, गुंडाळी बघितली, आणि तो वाईट बोलला असंही नाही, उलट मायेनेच म्हणाला की मी तुला सांगितलं होतं.

तिने चपला काढल्या. सुतळीची गाठ सुटेना म्हणून दातांनी तोडली.

फटीवरचा उपाय तिला बोलण्यातूनच मिळाला. डाव्याचे दोन ठोके पडतात तेवढ्यातच उजव्याचे तीन बसवायचे होते, दोघांची सुरुवात एकदम. मोजायला गेलं की डोकं पिकायचं. मग तिने आकडे सोडून दिले आणि त्या चालीत बसणारे शब्द शोधले. शब्द सापडले ते असे: गप बसा ना. "गप"ला दोन्ही हात एकदम, "ब"ला उजवा, "सा"ला डावा, "ना"ला पुन्हा उजवा. गप बसा ना, गप बसा ना. तोंडाने म्हणत राहिलं की हात आपोआप बरोबर पडायचे. सकाळभर ती हेच पुटपुटत होती. पुढच्या खोलीत दादाची शिकवणी चालू होती. दुपारी जेवताना त्याने अर्ध्यावरच ताट बाजूला सारलं. वहिनींनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला की माझ्याच घरात माझ्या विद्यार्थ्यांसमोर मला शंभर वेळा गप बसा म्हटलं जातं, ते मी ऐकून घ्यायचं का. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तिने खुलासा केला नाही. तो राग त्याला चार दिवस पुरला, आणि चार दिवसांत तिची फट भरली.

असं करत दोन वर्षं गेली. दोन वर्षांनी तिच्याकडे तीन तुकडे तयार होते. दोन जुन्या चाली आणि एक तिची स्वतःची. त्यात डावा एका वाटेने सावकाश चालायचा आणि उजवा त्याच्या डोक्यावरून हवं तसं भटकून यायचा. मिस्त्रीने येऊन ऐकलं. त्याने झिजलेल्या तारांवरून बोट फिरवलं आणि तो म्हणाला की तारा बदलायला हव्यात, म्हणजे आता हे वाद्य तुमचं झालं.

गावात संगीत मंडळ होतं. वर्षातून एकदा ते सभागृहात हौशी वादकांचा दिवसभराचा कार्यक्रम करायचं. दादा त्या मंडळाचा चिटणीस. तिने अर्जाचा कागद आणला आणि भरला. वाद्याच्या रकान्यात दिलेल्या यादीत तिचं वाद्य नव्हतं, म्हणून तिने यादीखाली नवी ओळ ओढून ते लिहिलं. पुढचा रकाना होता, साथीदाराचं नाव. एकट्याने वाजवणाऱ्याला साथीदार लागतोच असा नियम होता. तिने तिथे लिहिलं: डावा हात.

अर्ज आठ दिवसांत परत आला. साथीदाराअभावी नामंजूर. खाली चिटणिसाची सही होती. ती सही ओळखायला तिला चष्मा लागला नाही.

ती कागद घेऊन पुढच्या खोलीत गेली. दादा व्हायोलिन पुसत होता.

"ही सही तू केलीस?"

"मंडळाचा निर्णय आहे. चिटणीस म्हणून मला करावी लागते."

"तुझं मत काय पडलं?"

त्याने फडकं घडी करून पेटीत ठेवलं. "तू थट्टा केलीस त्या रकान्याची. लोक मला हसले."

"मी थट्टा केलेली नाही, दादा. जे खरं आहे ते लिहिलंय. दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकतोयस, तुला एकदाही दोन जण ऐकू आले नाहीत?"

तो म्हणाला, नियम म्हणजे नियम. हे तो दुसऱ्या कोणाला बोलला असता तर चाललं असतं. मंडळाची नियमावली बावीस वर्षांपूर्वी टाइप केली होती तिनेच, जेवणाच्या सुटीत, दादाच्या विनंतीवरून, नऊ पानं. त्यातलं प्रत्येक कलम तिच्या बोटांना पाठ होतं. तिने जुनं यंत्र टेबलावर घेतलं, अडकलेल्या काड्या केव्हाच सोडवल्या होत्या, आणि अध्यक्षांच्या नावे पत्र टाइप केलं. कलम अकरा असं सांगतं की एकल वादकाने साथीची व्यवस्था स्वतः करावी. अर्जदाराने साथीची व्यवस्था स्वतःच केलेली आहे. साथीदार ही वेगळी व्यक्ती असावी असं नियमावलीत कुठेही म्हटलेलं नाही; म्हटलं असतं तर ते अर्जदारानेच टाइप केलं असतं. सबब अर्ज मंजूर करावा किंवा नामंजुरीचं कारण कर्त्यासह कळवावं.

हे पत्र तिने पोस्टात टाकलं नाही. मंडळाची बैठक चालू असताना जाऊन अध्यक्षांच्या हातात दिलं आणि पोच मागितली. अध्यक्ष म्हणजे बासरी वाजवणारे एक वयस्कर गृहस्थ, स्वभावाने गरीब. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, कलम अकरा काढून बघितलं, दादाकडे बघितलं. दादा खिडकीबाहेर बघत होता. बाकीच्या सभासदांनी बरीच खळखळ केली. हे वाद्यच नव्हे असं एकजण म्हणाला, या वयात हे शोभतं का असं दुसरा म्हणाला. ती म्हणाली की वयाचं कलम दाखवा. ते नव्हतंच. शेवटी तिला दहा मिनिटं मिळाली, दुपारी जेवणानंतरची पहिली, म्हणजे ज्या वेळी अर्धं सभागृह बाहेर पान-सिगारेटीला असतं आणि उरलेलं पेंगत असतं.

त्या दुपारी सभागृह मात्र पेंगत नव्हतं. नक्कल विभागातल्या तिच्या जुन्या सोबतिणी आल्या होत्या, तेरा जणी, दोघी तर सुटी टाकून. तिसऱ्या रांगेत त्या ओळीने बसल्या. मिस्त्रीने स्पीकर खांद्यावर वाहून आणला होता. वहिनी पहिल्या रांगेत. दादा चिटणीस म्हणून रंगमंचाच्या कडेला खुर्चीवर, हातात कार्यक्रमाचा कागद, नजर कागदात.

पहिले दोन तुकडे नीट झाले. टाळ्या बेताच्या पडल्या, लोक अजून त्या फळीकडेच बघत होते. तिसरा तिचा स्वतःचा. डाव्याने वाट धरली, उजवा त्याच्या वर चढला, पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीच्या तोंडाशी उजव्या हाताला पुढचं काही आठवेना. बोटं तारांवर टेकलेली आणि डोकं कोरं. दादाने कागदातून मान वर केली. त्याला काय वाटलं हे तिला बघायचीही गरज नव्हती. वाजवणारा असा अडला की पुढे काय होतं हे त्याने चाळीस वर्षांत शेकडो वेळा बघितलं होतं. सगळं थांबतं, वाजवणारा मान खाली घालतो, आणि लोक दयेने टाळ्या वाजवतात.

पण थांबलं नाही. डावा चालतच होता. खालचा, वरचा, मधला, वरचा, एकाही ठोक्याला मागेपुढे न होता, जणू उजव्याचं काय झालं हे त्याच्या गावीही नव्हतं. एक फेरी गेली, दुसरी गेली. तिने उजवा हात तारांवरून उचलून खुशाल मांडीवर ठेवला. मग समोरच्या माईककडे जरा वाकली.

"उजवा हात जरा विसरलाय," ती म्हणाली. "येईल एवढ्यात. साथीदार थांबलेला नाही."

आधी तिसरी रांग हसली, मग सगळं सभागृह. ती बोलत होती आणि डावा चालत होता, आणि हसू ओसरता ओसरता लोकांच्या ध्यानात आलं की आपण काय ऐकतोय. डाव्याच्या आठ फेऱ्या झाल्या. नवव्या फेरीच्या ठोक्यावर तिने उजवा हात उचलला. तो जिथून विसरला होता तिथून नव्हे, थोडा पुढून, पण बरोबर जागेवर येऊन पडला, आणि तुकडा शेवटाला गेला.

टाळ्यांबद्दल वहिनींनी नंतर महिनाभर ज्याला त्याला सांगितलं, त्यामुळे इथे सांगत नाही.

दादाने चार दिवसांनी विषय काढला. चहा पिताना, सहज बोलल्यासारखं. पुढच्या वर्षी आपण दोघांनी मिळून वाजवावं, तिने खालची साथ धरावी आणि वरून त्याचं व्हायोलिन चालावं, भाऊ-बहीण म्हणून लोकांनाही कौतुक वाटेल. तिने कप खाली ठेवला. रागाने नाही, नीट विचार करून ती म्हणाली की दादा, वरची जागा भरलेली आहे. ऐकायचं असेल तर दार उघडं असतं. त्याचा चेहरा उतरला. वहिनींना ते फार कडक वाटलं आणि त्यांनी तसं तिला स्वयंपाकघरात ऐकवलंही. तिला वाईट वाटलं, पण शब्द तिने परत घेतला नाही.

मंडळानेही आपलं केलं. पुढच्या वर्षीच्या नियमावलीत कलम अकरा बदललं: साथीदार म्हणजे अर्जदाराहून वेगळी व्यक्ती. ते टाइप करायला या वेळी तिला कोणी सांगितलं नाही. तिने हरकतीचं पत्र दिलं, त्याला उत्तर आलं नाही, तिने स्मरणपत्र दिलं. सहावं स्मरणपत्र गेल्या महिन्यात गेलं. अध्यक्ष रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जातात. मध्यंतरी सोबतिणींनी साहेबांना गाठून नक्कल विभागाची जेवणाची खोली दर शुक्रवारी दुपारी तिच्यासाठी मोकळी करून घेतली. तिथे ती अर्धा तास वाजवते. डबे उघडलेले असतात, कोणी बोलत असतं, कोणी कारकून दारातून डोकावतो. बोललेलं तिला चालतं. दोघींनी मिस्त्रीकडे तशीच वाद्यं करायला टाकली आहेत. तिसरीने डाव्या हाताचे ठोके टेबलावर सुरू केलेत आणि तिच्या नवऱ्याचं म्हणणं आहे की घरात राहणं कठीण झालंय.

सध्या ती उजव्याने चार आणि डाव्याने पाच बसवायच्या मागे आहे. याला कुठलेच शब्द बसत नाहीत. तिने शिव्यासुद्धा घालून बघितल्या.

परवा सकाळी ती त्यातच गढलेली असताना दादा दारात येऊन उभा राहिला. व्हायोलिन बरोबर नव्हतं. दोन-तीन फेऱ्या त्याने ऐकल्या. मग स्टूल ओढून बसला आणि मास्तर आपल्या चांगल्या विद्यार्थ्याशी बोलतो त्या आवाजात म्हणाला की तिसऱ्या फेरीत डावा केसभर मागे राहतोय.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बोलू नकोस. मोज."

तो मांडीवर बोट आपटून मोजू लागला, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.